महिपती पैलवान वयानं हरला नाही

संपादकांनी फोनवर सांगितलं, कुस्तीच्या मैदानातल्या गमतीजमती लिहा, दिवाळीत वाचकांना हलकंफुलकं बरं वाटतं. गमती पुष्कळ आहेत. पण एक वाक्य इतकी वर्षं ऐकून ऐकून माझं डोकं फिरलेलं आहे, आणि ते बाहेर काढल्याशिवाय मला दुसरं काही सुचणार नाही. परवा इस्लामपूरला एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या गृहस्थांनी जिलेबीचा तुकडा मोडता मोडता तेच वाक्य टाकलं. "महिपती पैलवान म्हणता व्हय? त्यो काय, वयानं हारला." मी विचारलं, तुम्ही होता का मैदानाला? तर म्हणाले, "न्हाई, पर सगळी म्हणत्यात की."

सगळी म्हणतात. तेवढ्यावर या जिल्ह्यांत माणसाचा निकाल लागतो. मी त्या कुस्तीचा पंच होतो. जगात त्या दोन पैलवानांच्या सगळ्यांत जवळ कोणी असेल तर मी होतो, आणि मला आजवर एकानंही विचारलेलं नाही की मास्तर, तुम्ही काय बघितलं.

मी पेशानं शाळेत कवायत आणि खेळ शिकवणारा मास्तर. पंचगिरी ही सुटीच्या दिवसांतली. जत्रांचा हंगाम लागला की एसटीनं नाहीतर कुणाच्या तरी ट्रॅक्सनं आज वाळवा तालुक्यात, उद्या वाईकडं, परवा खटावात असं फिरायचं. ज्यांनी मातीतली कुस्ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. गादीवरच्या कुस्तीसारखं तिथं घड्याळ आणि गुण यांचं राज्य नसतं. मोठी कुस्ती निकाली असते, म्हणजे कुणीतरी चितपट होईपर्यंत चालायची. चितपट म्हणजे दोन्ही खांदे एकाच वेळी मातीला लागणं. आता एकशेदहा किलोचे दोन देह एकमेकांत गुंतलेले असताना खांदा टेकला की बोटभर वर राहिला, हे उभ्यानं दिसत नाही. त्यासाठी पंचाला पोटावर झोपावं लागतं. पांढरा शर्ट, पांढरी पँट घालून मातीत झोपायचं आणि उठून निकाल द्यायचा. माझी बायको म्हणायची, "तुम्ही पंच हाय का पैलवान हाय, कपड्यावरून तर कळत न्हाई."

निकाल दिल्यावर खरी कुस्ती सुरू होते, ती हरलेल्याच्या गावाशी. वाईच्या बाजूला एका मैदानात मी कुस्तीचा निकाल दिला आणि पन्नासभर माणसं आत घुसली. पाठीला माती लागलीच नाही, पाठ दाखवा, असा एकच गलका. कारण पाठीची माती हाच आमच्यातला पुरावा. हरलेल्या पैलवानाला वळवून उभं केलं तर पाठ स्वच्छ. मग माझं लक्ष त्याच्या थोरल्या भावाकडं गेलं. तो सगळ्यांत मोठ्यानं शपथा घेत होता, आणि त्याच्या हातातला टॉवेल मातीनं लालभडक झाला होता. मी नुसतं टॉवेलकडं बोट दाखवलं. शपथा थांबल्या. रात्री त्याच भावानं मला घरी नेऊन जेवू घातलं, तेही आग्रह करकरून.

पंचाला डोळ्यांपेक्षा कानांनी जास्त कळतं. ठरवून केलेली कुस्ती, जिला आमच्यात नुरा म्हणतात, ती मी कित्येकदा कानांनी पकडली आहे. "आता तू खाली जा," "जरा सावकाश की गड्या," असं मान धरून एकमेकांच्या कानात चाललेलं असतं. वरच्या पाच हजार माणसांना वाटतं, काय झुंज लागलीय. म्हणून सांगतो, महिपतीच्या कुस्तीत काय झालं ते मी पाहिलं आहे आणि ऐकलंही आहे.

महिपती मूळचा वडूजकडचा. कोरडवाहू घरातलं पोर, इस्लामपूरकडच्या एका तालमीत आण्णा वस्तादांच्या हाताखाली वाढलं. मी त्याच गावात शाळेवर होतो आणि पहाटे तालमीत जाऊन बसायची मला सवय होती, त्यामुळं त्याला मी चांगला ओळखत होतो. अंगानं अवाढव्य, बोलायला अगदी कमी. साखर कारखान्यानं त्याला मानधनावर ठेवलं होतं. दहा-बारा वर्षं या भागात पहिल्या नंबरची कुस्ती म्हटली की एका बाजूला महिपती असायचाच.

त्याची कुस्ती बघायला नवख्या माणसाला कंटाळा यायचा. तो सलामी झाली की समोरच्याची मान धरायचा आणि आपलं ओझं त्या मानेवर टाकायचा. बस. ढकलायचा, ओढायचा, फिरवायचा, परत ओझं टाकायचा. लोक शिट्ट्या मारायचे, हलगीवाले वैतागून ताल वाढवायचे, हा आपला बैलगाडीच्या चालीनं. पंधरा-वीस मिनिटं अशी गेली की समोरच्याच्या मांड्या थरथरायला लागायच्या. तेवढं झालं की महिपती कामाला लागायचा. एकदा खाली बसवून कब्जा घेतला की तो माणूस सुटत नसे. मी त्याला एकदा विचारलं होतं, एवढा वेळ का घालवतोस? तर म्हणाला, "मास्तर, गडी दमल्याबिगर खरा कळत न्हाई."

आता या माणसाला वय काय करणार? हे मी पोटतिडकीनं विचारतो आहे. वय झालं की पैलवानाची चपळाई जाते, हे मला मान्य आहे. विजेसारखा आत शिरून पट काढायचा, म्हणजे दोन्ही पाय कवेत घेऊन माणूस उलथवायचा, हे विशीतल्या पोराचं काम. पण महिपतीनं चपळाईवर कुस्ती केलीच कधी? त्याचं भांडवल वजन, पकड आणि धीर. चाळिशी जवळ आली तरी यातलं एकही कमी झालं नव्हतं. धीर तर उलट वाढला होता.

कमी झाला होता तो त्याच्या माणसांचा धीर. साताऱ्याच्या एका तालमीतलं विक्रम नावाचं पोर त्या हंगामात झपाट्यानं वर आलं होतं. उंच, घट्ट, पायांत स्प्रिंग असल्यासारखं. इस्लामपूरजवळच्या एका गावच्या जत्रेत पहिल्या नंबरला महिपती आणि विक्रम अशी जोड ठरली, भिंती रंगल्या, आणि तालमीत वयाची भाषा सुरू झाली. कारखान्याचे एक संचालक रोज संध्याकाळी जीपनं यायचे, खुर्ची टाकून बसायचे आणि म्हणायचे, "वस्ताद, आता वय झालंय त्याचं, जरा बेतानं घ्या." मालीश करणारा तेच म्हणायचा. चहावाला तेच म्हणायचा. महिपती जोर मारता मारता हे सगळं ऐकायचा आणि घाम निपटून पुढचा जोर मारायचा.

आणि मग वस्तादांनी जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. त्यांनी त्याच्या लांब लढती बंद केल्या. रोज पहाटे महिपती तीन-चार ताज्या गड्यांशी एकामागून एक लढायचा, तीच त्याची खरी तयारी. वस्ताद म्हणाले, अंग मोडंल, जपाय पायजे. पाच मिनिटं झाली की टाळी वाजवून सोडवायचे. खुराक तेवढाच, कष्ट निम्मे. मी न राहवून म्हणालो, वस्ताद, याची कुस्ती तर वीस मिनिटांनंतर सुरू होते. वस्तादांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी त्यांच्या देवघरात चपला घालून शिरलो होतो.

"मास्तर, तुमी पंच. तुमचं काम मैदानात. तालीम माजी हाय."

तालमीत वस्तादाचा शब्द शेवटचा. ही गोष्ट बाहेरच्या माणसाला कळणं अवघड आहे. पैलवान वस्तादाच्या पाया पडून मातीत उतरतो, त्यानं सांगितलेला खुराक खातो, त्यानं सांगितलं तर लग्न पुढं ढकलतो. वस्ताद चुकतो असं मनात आलं तरी पैलवान कानाला हात लावून माफी मागतो. या शिस्तीनं मोठमोठे मल्ल घडवले, हे खरं. पण याच शिस्तीपायी डोळ्यांदेखत वाटोळं होताना तोंड उघडायची कुणाची छाती होत नाही, हेही तितकंच खरं.

मैदानाच्या दिवशी ऊन उतरल्यावर मी शिट्टी घेऊन आत उभा होतो. महिपती वस्तादांच्या पाया पडला तेव्हा वस्तादांनी त्याच्या कानाशी तोंड नेलं. मी हातभर अंतरावर होतो.

"पैल्या पाच मिनटांत मोकळा हो. थेट पटात जा. म्होरं तुजा दम पुरायचा न्हाई, वय झालंय आता."

महिपतीनं मान वर करून वस्तादांकडं पाहिलं. एवढंच विचारलं, "मान नगं धरू?"

"मान धरत बसशील तर मरशील. सांगतो तेवढं कर."

सलामी झाली. आणि त्या मैदानात मी असं काही पाहिलं की माझा मलाच विश्वास बसेना. महिपती, ज्यानं जन्मात घाई केली नाही, तो खाली वाकून पटात शिरला. पहिल्यांदा विक्रम मागं सरकला. दुसऱ्यांदा पुन्हा सरकला. बाहेरून वस्ताद ओरडत होते, "जा आत, जा आत." त्या चपळ पोराला दुसरं काय हवं होतं? ज्या माणसाच्या ओझ्याला सगळे टरकायचे, तो स्वतःच ओझं सोडून त्याच्या पायांशी येत होता. तिसऱ्यांदा महिपती आत शिरला तेव्हा विक्रमनं पाय मागं घेऊन त्याची मान वरून बगलेत धरली आणि एका झटक्यात त्याला अंगावरून फिरवला. मी मातीवर पालथा पडलो. दोन्ही खांदे टेकले होते. स्वच्छ कुस्ती होती. मी शिट्टी दिली.

तो दमलेला नव्हता. हे मी पुन्हा लिहितो, छापताना गाळू नका. मी त्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर होतो आणि त्याचा श्वास माझ्यापेक्षा शांत चालला होता. ज्याचा दम संपतो तो वयानं हरतो. याचा दम तर अजून वापरायलाच घेतला नव्हता. वयानं हरण्याआधीच त्याला वयाच्या भीतीनं हरवलं, आणि ती भीतीसुद्धा त्याची स्वतःची नव्हती. त्याच्या माणसांनी ती त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, ही घेऊन लढ.

पण मला खरा संताप आला तो पुढं. मैदान पांगताना संचालक वस्तादांना म्हणाले, "म्या म्हणलं व्हतं न्हवं?" आणि वस्ताद, ज्यांनी ती चाल दिली होती, ते मान हलवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काय करायचं, वय झालं त्याचं." महिपती शेजारीच अंगावरची माती पुसत उभा होता.

मी त्याला चार दिवसांनी गाठून विचारलं. तू सांगत का नाहीस लोकांना?

"काय सांगू?"

की वस्तादांनी चुकीचं सांगितलं म्हणून.

"वस्तादाचं नाव मातीत घालू व्हय? त्येनीच मातीत उतरवलंय मला." मग म्हणाला, "एक कुस्ती द्या मास्तर. माज्या हिशेबानं लढाय मिळंल अशी येक. मग म्हणू द्या काय म्हणायचं ते."

एवढंच त्याचं मागणं होतं. मी माझ्या परीनं खूप खटपट केली. तासगाव, विटा, वडूज, कुठल्याही जत्रा कमिटीत बसलो की महिपतीचं नाव काढायचो. सगळे हसून म्हणायचे, "मास्तर, आता त्यांचा सत्कार करू की." आणि खरंच सत्कार करायचे. फेटा, हार, नारळ, पहिल्या रांगेत खुर्ची, माईकवरून दोन मिनिटं कौतुक. पैलवानाला मैदानाबाहेर काढायची याहून सभ्य रीत कुणी शोधलेली नाही. शिवी दिली तर माणूस उलटून भांडू शकतो, फेटा बांधल्यावर काय बोलणार? कारखान्यानंही त्याचं मानधन थांबवून त्याला गेटवर वॉचमन केलं, आणि त्याचाही सत्कार केला.

असे दोन हंगाम गेले. मग वडूजजवळच्या एका गावच्या जत्रेत, म्हणजे त्याच्या माहेरातच म्हणा ना, त्याला सत्काराला बोलावलं. मी पंच होतो. पहिल्या नंबरला विक्रम होता. तोवर तो मोठं नाव झाला होता आणि आपली कुस्ती लागेपर्यंत पाहुण्यांच्या रांगेत बसला होता. महिपती धोतर, सदरा घालून आला. सरपंचांनी फेटा उचलला, तेव्हा यानं हात जोडले आणि सदरा, धोतर उतरवलं. आत कुस्तीची लांग कसलेली होती. तो सरळ खाली मातीत उतरला आणि माझ्याजवळ आला.

"मास्तर, मला फिरवा."

फिरवणं म्हणजे काय ते सांगतो. ज्यांची जोड आधी ठरलेली नसते अशा लहान पोरांना पंच हाताला धरून मैदानाभोवती फेरी मारतो आणि हाळी देतो, आहे का कुणी जोड? ज्याला लढायचं असेल तो उतरून त्या पोराच्या हातात हात देतो. रेवड्यांसाठी लढणाऱ्या पोरांची ही रीत. ज्याच्या नावानं भिंती रंगल्या, तो मला म्हणत होता की मला असं फिरवा.

मी म्हणालो, महिपती, नको. तो म्हणाला, "तुमी पंच हाय का न्हाई? जोड मागणाऱ्याला फिरवायचं का न्हाई?"

मी त्याचा हात धरला आणि हाळी दिली. पाच-सहा हजारांचं मैदान माना वळवून बघायला लागलं. हलगी थांबली. आम्ही फिरायला लागलो. वजनाचे किमान आठ-दहा पैलवान बांधावर बसले होते, सगळे अंगानं तयार. एकानंही हात पुढं केला नाही. मी प्रत्येकाच्या तोंडाकडं पाहिलं आणि मला सगळं कळत होतं. याच्याशी जिंकलो तर म्हाताऱ्याला पाडला म्हणून कुणी नाव घेणार नाही, आणि हरलो तर जन्माची नाचक्की. हरण्याची भीती वाटली, म्हणजे बघा. वय झालेल्या माणसाची भीती वाटली या मर्दांना.

फिरता फिरता आम्ही विक्रमसमोर आलो. महिपती थांबला. त्यानं आपला उजवा हात पुढं केला, पंजा उघडा. विक्रम गडबडीनं उठला, पुढं आला, आणि वाकून त्याच्या पाया पडला. टाळ्यांचा कडकडाट झाला. माईकवाला गहिवरून म्हणाला, बघा मंडळी, याला म्हणतात संस्कार. पुढं केलेला तो हात तसाच हवेत राहिला होता, तो कुणालाही दिसला नाही. महिपतीनं तो हात वळवून पोराच्या डोक्यावर ठेवला. करणार काय दुसरं?

फेरी पुरी करून आम्ही मध्यभागी आलो. माझं मस्तक इतकं तापलं होतं की पुढचं मी विचार करून केलं नाही. मोठ्या मैदानाचा नियम आहे, समोर गडी आला नाही तर हजर असलेल्याला विजयी करायचं. मी महिपतीचं मनगट धरलं, त्याचा हात होता नव्हता तेवढा जोर लावून वर केला आणि ओरडलो, "जोड न्हाई. कुस्ती महिपतीची." कमिटीवाले उठून उभे राहिले. सरपंच हातवारे करायला लागले. त्या गावानं मला पुन्हा कधी पंच म्हणून बोलावलं नाही आणि मी त्याची पर्वाही केली नाही.

महिपती माझ्याकडं वळला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज नेहमीसारखाच सावकाश होता.

"हात खाली घ्या मास्तर. लढल्याबिगर हात वर करायचा नसतुय."

मी ऐकलं नाही. मी दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरून ते वर ताणलं. मीही काही काडीपैलवान नव्हतो, रोज पोरांना मलखांब शिकवणारा माणूस होतो. त्यानं झटका दिला नाही, घाई केली नाही. नुसतं आपल्या हाताचं ओझं माझ्या दोन्ही हातांवर टाकलं आणि त्या अख्ख्या मैदानासमोर सावकाश, अगदी सावकाश, मला खाली आणलं. माझे गुडघे मातीला टेकले तेव्हा कुठं त्यानं हात सोडवून घेतला, आणि मला उठवायला पुन्हा पुढं केला.